‘हिला दूधच नाही!’

दिवाळीत एखाद्या घरी गेलो आणि चकली-चिवड्याच्या डब्यांशेजारी डिंकाच्या लाडवांचा डबा दिसला, की ओळखावे, घरात बाळंतीण आहे. मग फराळाची बशी हाती यायच्या आत आपण आतल्या खोलीत डोकावतो. बाळाचे नाक कोणासारखे, जावळ किती, हे सारे बोलून होते, आणि मग आवाज जरा खाली आणून एक प्रश्न येतोच येतो, “काय गं, दूध आहे ना भरपूर?” बाळंतिणीने तोंड उघडायच्या आत शेजारचे कोणीतरी उत्तर देऊन मोकळे होते, “अहो, सिझर झालंय ना! हिला दूधच नाही.”

हे वाक्य मी सोलापुरात इतक्या घरांतून ऐकले आहे, की आता त्याची चीडच येते. बाळीवेशीतल्या जुन्या वाड्यात ऐकले, जुळे सोलापूरच्या नव्या सदनिकेत ऐकले; मराठीत ऐकले, कानडीत ऐकले, तेलुगूतही ऐकले. पोट चिरून मूल काढले की दूध आटते, ही आपल्याकडची पक्की समजूत. ती खरी आहे का, आणि खरी नसेल तर इतक्या जणींना तसा अनुभव का येतो, हे जाणून घ्यावे म्हणून गेले वर्षभर मी ओळखीच्या दहा-बारा जणींना बोलते केले. नावे कोणाचीच सांगत नाही. सांगण्यासारखे जे आहे ते नावांवाचूनही सांगता येते.

आजीबाईंच्या बटव्यात नसलेले बाळंतपण

‘सिझर’ हे नाव रोमच्या ज्युलियस सीझरवरून पडले, कारण तो आईचे पोट चिरून जन्मला, अशी गोष्ट आपण ऐकलेली असते. ती खरी मानणे कठीण आहे. सीझरची आई ऑरेलिया त्यानंतर कितीतरी वर्षे जगली, आणि त्या काळी पोट चिरल्यावर बाई वाचणे जवळजवळ अशक्यच होते. पोट चिरले जाई ते बहुधा मरणाऱ्या किंवा मेलेल्या बाईचे, निदान मूल तरी हाती लागावे म्हणून.

याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की सिझरनंतर आईने मुलाला पाजायचे कसे, हा प्रश्न आपल्या पणजीला कधी पडलाच नव्हता. आपल्याकडे बाळंतिणीचे शास्त्र मोठे आहे. अळिवाची खीर, शेपूची भाजी, बाळंतशोपा, शेक-शेगडी, धुरी, सव्वा महिन्याची विश्रांती, काय नाही? पण हे सारे शास्त्र घडले ते आपोआप मोकळ्या होणाऱ्या बायकांसाठी. पोटावर टाके असलेली, हाताला सलाईन लावलेली, कुशीवर वळता न येणारी बाळंतीण त्यात कोठेच नाही. म्हणून तिच्या पहिल्या तीन दिवसांसाठी आपल्याजवळ रीत नाही, वहिवाट नाही. आहे ते एक वाक्य, ‘हिला दूधच नाही!’

आणि अशा बाळंतिणी आता थोड्याथोडक्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांपैकी २१.५ सिझरने झाल्याचे आढळले. आपल्या महाराष्ट्रात हा आकडा २५.४, म्हणजे दर चौथी आई. खासगी दवाखान्यांचा देशभराचा आकडा तर ४७.४ आहे. यांतली किती ऑपरेशने खरोखर गरजेची, हा वाद मोठा आहे, आणि तो आज येथे काढत नाही. ज्या बाईचे ऑपरेशन होऊन गेले, तिला त्या वादाचा काय उपयोग? तिच्या कुशीत मूल आहे आणि ते भुकेले आहे.

दूध पोटातून येत नाही

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. दूध तयार होण्याची खूण शरीराला मिळते ती वार सुटल्यावर. गरोदरपणी वारेतून पाझरणारे एक द्रव्य दुधाला अडवून धरते. वार निघाली की ते द्रव्य झपाट्याने कमी होते आणि दुधाचा मार्ग मोकळा होतो. आता वार खालून पडली काय आणि डॉक्टरांनी पोटातून काढली काय, वार ती वारच! म्हणजे सिझरने दुधाचा उगम तुटत नाही.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि मोजकाच. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळेला लागतो तोही जेमतेम चहाच्या चमचाभर. जोराचे दूध उतरते ते साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. सिझरनंतर त्याला कधीकधी एखादा दिवस अधिक लागतो, हे मात्र खरे आहे.

का लागतो? दूध हे विहिरीच्या पाण्यासारखे आहे. उपसा झाला की झरे मोकळे होतात. उपसाच नसेल तर विहीर आटल्यासारखी दिसते. मूल ओढते तेव्हा आईच्या मेंदूकडून दोन द्रव्ये सुटतात. एक दूध करते, दुसरे केलेले दूध पुढे ढकलते. हे दुसरे द्रव्य मोठे मानी आहे. आई दुखण्याने कळवळत असेल, घाबरली असेल, कोणी टोचून बोलले असेल, तर ते अडून बसते. सिझरनंतर मूल आईपासून दूर, आई वेदनेत, बाळाच्या तोंडी बाटली, आणि भोवती सल्लागारांचा गराडा. उपसा व्हावा कसा?

जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे की मूल जन्मल्यापासून तासाभरात छातीशी लागावे. कंबरेत भूल दिली असेल तर आई जागी असते. तेव्हा तेथल्या तेथेच मूल तिच्या उघड्या छातीवर ठेवता येते. पूर्ण भूल दिली असेल तर ती शुद्धीवर येऊन सावध होताच. तरीही वर सांगितलेल्या पाहणीत, सगळ्या प्रकारची बाळंतपणे धरून, देशात तासाभरात अंगावर घेतलेली मुले शंभरात ४१.८ इतकीच निघाली. चुकते ते येथे.

चौघींच्या हकिकती

माझी स्वतःची हकिकत जुनी, १९९३ सालची. मला पूर्ण भूल दिलेली. दुपारी ऑपरेशन झाले आणि मुलीचे तोंड पाहिले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर तिच्या पोटात दोन बाटल्या वरचे दूध गेले होते. मी पदराखाली घेतले की ती तोंड फिरवून रडे. भेटायला आलेल्या बायकांनी तिसऱ्या दिवशीच निकाल देऊन टाकला. पाचव्या रात्री पाळीवर एक वयस्कर आयाबाई होत्या, निम्मे कानडी आणि निम्मे मराठी बोलणाऱ्या. त्यांनी मला कुशीवर वळवले, पाठीशी सोलापुरी चादरीची वळकटी लावली, दुसरी घडी टाक्यांवर ठेवली आणि मुलीला माझ्याकडे तोंड करून असे निजवले, की तिचे पाय टाक्यांना लागेनात. “आता घाई करू नको,” एवढेच त्या बोलल्या. अर्ध्या तासाने मुलगी प्यायली. त्या रात्री मला कोणतेही औषध मिळाले नव्हते. मिळाली होती ती पाठीशी एक वळकटी आणि जवळ बसलेले एक माणूस.

तीच मुलगी २०२२ साली बाळंत झाली, तीही सिझरने. भूल कंबरेतच होती. पोटावर टाके घालणे चाललेले असतानाच सिस्टरनी बाळ तिच्या छातीवर ठेवले, आणि खोलीत आणल्यावर ते पहिल्याच तासात प्यायले. तरीही चौथ्या दिवसापर्यंत दूध भरून आले नाही. बाळ रात्रभर रडे, वजनही थोडे उतरले. व्याही मंडळी चिंतेत पडली. तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी सर्वांना बसवून सांगितले, की पहिल्या दिवसांत मुलाचे वजन थोडे उतरतेच. आईला सलाईन पुष्कळ गेलेले असेल तर जन्माच्या वेळचे वजन मुळातच थोडे फुगीर असते. पाहायचे ते लंगोट किती वेळा ओले होते हे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा लंगोट ओले झाले, की पोट भरते आहे असे समजावे. तीन दिवस घरातल्या भिंतीवर लंगोटांचा हिशेब पेन्सिलीने मांडलेला होता! पाचव्या दिवशी दूध भरून आले.

तिसरी आहे साखर पेठेतली, विड्या वळणारी, घरची बोली तेलुगू. सरकारी दवाखान्यात तिचे सिझर झाले. खर्च काही पडला नाही. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातले सिझर मोफत केले आहे, आणि सिझर झालेल्या आईला सात दिवसांपर्यंत जेवणही मिळते. अंगावर पाजण्यात तिला अडचण आली नाही. शेजारच्या खाटेवरच्या अक्काने धरून दाखवले आणि जमले. तिची अडचण पुढे होती. “पोटाचे टाके भरले, पण घरात हजाराच्या हिशेबानं पैसे येतात. दीड महिन्यात सूप मांडीवर घेतलं,” ती म्हणाली. मांडीवर तंबाखूचे सूप, तर मूल घ्यायचे कोठे? हाताला तंबाखू, तिची धूळ पदरावर. तिने स्वतःच तोड काढली. विड्यांचे काम बाहेरच्या ओट्यावर, बाळ आत आजीजवळ, आणि पाजण्याआधी साबणाने हात धुऊन, पातळ बदलायचे. दिवसातून सात-आठ वेळा! “लई कंटाळा येतो बाई,” ती हसत म्हणाली, “पण पावडरचा डबा कुठून आणू?”

नोकरदार बायकांची प्रसूतीची रजा २०१७ साली बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, हे खरेच मोठे काम झाले. एस.टी. स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ निघाले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या गवळणीचे नाव त्या खोलीला शोभते. पण घरातल्या घरात विड्या वळणाऱ्या हिरकणीला सव्वीस आठवडे घरी बसवणार कोण? तिच्या दुधाआड येते ते सिझर नव्हे, पोट येते.

चौथी शाळेत शिकवते. तिचे मूल दिवसांआधी झाले आणि त्याला काचेच्या पेटीत ठेवले. ती एका मजल्यावर, मूल दुसऱ्या. तिला सिस्टरनी पहिल्या दिवसापासून हाताने दूध काढायला शिकवले. सुरुवातीला वाटीचा तळसुद्धा ओला होईना. “दर तीन तासांनी मी थेंब मोजत होते. रात्री गजर लावून उठत होते,” ती म्हणाली. तिचे यजमान ती वाटी झाकून वर नेत. आठव्या दिवशी वाटी भरली. मूल ओढायला लागेपर्यंत ते दूध त्याला चमच्याने आणि पुढे आपल्या जुन्या बोंडल्यानेच पाजले गेले. चांदीचे बोंडले माळ्यावरच्या ट्रंकेत पडले होते. सासूबाईंनी ते शोधून, उकळून आणले. बाटलीपेक्षा वाटी-चमचा आणि बोंडले बरे, असे आजचे डॉक्टरही सांगतात. धुवायला सोपे, आणि मुलाला बाटलीच्या बुचाची सवय लागत नाही.

शीवच्या दवाखान्यातली गोष्ट

काचेच्या पेटीतल्या बाळांचा विषय निघाला, की मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. धारावीसारख्या वस्तीतल्या बायका तेथे बाळंत होतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तेथील नवजात बालकांच्या विभागात मुले फार दगावत. जंतू पसरायचे, परिचारिका अपुऱ्या. विभागाच्या प्रमुख डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी महागडी यंत्रे येण्याची वाट पाहिली नाही. जिला आजवर दाराबाहेर उभी करत, त्या आईलाच त्यांनी आत घेतले, मुलाची देखभाल तिच्या हाती दिली, आणि डब्याच्या दुधाऐवजी आईचे दूध सुरू केले. मृत्यू कमी होत गेले.

पण जिची आई फार आजारी, तिच्या बाळाचे काय? त्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांनी तेथे मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशिया खंडातली ही पहिली. जगातली पहिली १९०९ साली व्हिएन्नात निघाली होती. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून उरेल इतके दूध असते, त्या ते देतात. त्यांचे रक्त तपासतात, दूध ६२.५ अंश उष्णतेवर अर्धा तास तापवून निर्जंतुक करतात, आणि गोठवून ठेवतात. आजारी किंवा दिवसांआधी जन्मलेल्या मुलांना ते डॉक्टरांच्या सांगण्याने मिळते. आपल्या पुराणांतल्या दूधआईचेच हे नवे रूप नव्हे काय?

आणखी एक गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी. स्तनपानाच्या प्रसारासाठी देशभर काम करणारी ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था १९९१ च्या डिसेंबरात आपल्या वर्ध्याला स्थापन झाली. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा करून बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणे यांस बंदी घातली. २००३ साली तो आणखी कडक झाला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र आता छापता येत नाही ते या कायद्यामुळे.

पहिले तीन दिवस

वाचक भगिनींनो, या सर्वजणींच्या बोलण्यातून आणि डॉक्टरांच्या सांगण्यातून जे हाती लागले, ते थोडक्यात सांगते.

ऑपरेशन ठरलेले असेल, तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे, की मूल आईजवळ केव्हा देणार? आणि गरज नसता वरचे दूध देऊ नये, असेही सांगून ठेवावे. मूल मागेल तेव्हा, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, पाजावे. रात्रीचे पाजणे चुकवू नये. दूध करणारे द्रव्य रात्री अधिक जोरात असते.

टाक्यांवर भार येऊ नये म्हणून दोन पद्धती चांगल्या. एक कुशीवर निजून, पाठीशी वळकटी लावून. दुसरी, पर्स काखेत धरावी तसे मूल काखेखाली धरून. त्याचे पाय मागे, डोके तळहातावर आणि खाली उशी. मुलाच्या तोंडात नुसते टोक नव्हे, भोवतीचा काळसर भागही गेला पाहिजे. नाहीतर आईला चिरा पडतात आणि मूल उपाशी राहते.

दुखणे सोसत पडून राहण्यात शौर्य नाही. सिझरनंतर डॉक्टर नेहमी देतात ती वेदनेची व जंतुनाशक औषधे बहुतेक सारी पाजणाऱ्या आईला चालतात. “औषध चालू आहे, पाजू नको,” असे कोणी म्हटले तर आधी डॉक्टरांना विचारावे. मध चाटवू नये. वर्षाच्या आतल्या मुलाला मध अपायकारक ठरू शकतो. पहिले सहा महिने पाणीही नको. आमच्या सोलापूरच्या उन्हाळ्यातही नको. दुधात पाणी पुरेसे असते.

मूल सुस्त पडून राहत असेल, लंगोट ओले होत नसतील, वजन दहा टक्क्यांहून अधिक उतरले असेल, आईला ताप येत असेल, टाके लाल होत असतील किंवा छातीत गाठ येऊन ठणकत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये. दवाखाना गाठावा. आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळाला पाहायला घरी येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवू नका, त्यांच्यासमोर मूल पाजून दाखवा.

जिला खरोखरच आले नाही

आता एका बाईविषयी सांगायचे राहिले. तिने सारे काही केले. कुशीवर निजली, रात्री जागली, हाताने दूध काढले. ऑपरेशनच्या वेळी रक्त फार गेले होते, आणि दूध कधीच पुरेसे आले नाही. असे होऊ शकते, आणि त्यात बाईचा दोष नसतो. डॉक्टरांनी मोजून वरचे दूध दिले, मूल वाढले, आज ते शाळेत जाते. पण ती मला म्हणाली, “मला दूध आलं नाही त्याचं इतकं वाईट नाही वाटलं. बारशाच्या दिवशी पाळण्याशी उभी होते, आणि मागं दोघी बोलत होत्या, ही बाळंत झालीच नाही, हिचं मूल डॉक्टरांनी काढलं. ते अजून जात नाही.”

आईच्या दुधाची थोरवी सांगताना आपण अशा बाईच्या काळजावर पाय देत नाही ना, हे पाहायला हवे. आईचे दूध चांगले, यात शंका नाही. पण ते जिला देता आले नाही, ती उणी आई, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? आणि पोट चिरून घेऊन मुलाला जन्म देणाऱ्या बाईने आणखी काय द्यायचे बाकी ठेवले?

आमच्या डफरीन चौकाला ज्यांचे नाव आहे, त्या लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभा केला. तेव्हा प्रश्न होता बाई बाळंतपणातून जगेल कशी हा. आज ती जगते, मूलही जगते. आता तिला हवी आहे ती घरातल्या माणसांची जाण. नवऱ्याने वळकटी लावावी, पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा, मूल उचलून तिच्या कुशीत द्यावे. सासूबाईंनी नि आईने भेटायला येणाऱ्यांना पहिले चार दिवस बाहेरच्या खोलीत बसवून परतवावे.

या दिवाळीत तुमच्या घरी किंवा शेजारी सिझरची बाळंतीण असेल, तर बाळंतविडा घेऊन जरूर जा. अळीव न्या, डिंक न्या, खारका न्या. एक मऊ चादरही न्या, वळकटी करायला. आणि दूध आहे का, हे मात्र विचारू नका. “तू जेवलीस का? घटकाभर झोपतेस का? मी बाळाला बघते,” एवढे विचारा.